एक रेघ, खाली तारीख

उद्या सकाळी दहा वाजता मुख्याध्यापकांच्या खोलीत माझ्या धाकटीचं काय करायचं ते ठरणार आहे. तिसरीच्या वर्गात तिच्या बाईंकडेच ठेवायचं, की जिन्याखालच्या मागच्या खोलीत नवी तुकडी निघते आहे तिथे पाठवायचं. त्या खोलीत बारा खुर्च्या आहेत. अकरा नावं पक्की झाली आहेत. घरात सगळे झोपलेत, तिची गणिताची वही माझ्यासमोर आहे, आणि झोप येणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून तिच्या बाईंबद्दल लिहायला बसले आहे. उद्या मी जे टेबलावर ठेवणार आहे, ते बाई कोण आहेत हे कळल्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

मुलं त्यांना एकरेघ बाई म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत आहे. एकदा शाळेच्या दारात एक बाबा फोनवर सांगत होते, "अरे, त्या एकरेघ बाईंसाठी थांबलोय." मागून आवाज आला, "आले, आले. आज दोन रेघा माराव्या लागल्या, म्हणून उशीर."

त्यांच्या वर्गात खोडरबर चालत नाही. वर्षाच्या पहिल्या दिवशी दाराशी एक पत्र्याचा डबा असतो आणि प्रत्येक मूल आपला खोडरबर त्यात टाकून आत जातं. फळाच्या आकाराचे, वासाचे, कसले कसले. वर्ष संपलं की परत मिळतात. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर लिहायचं. रेघेखाली तारीख. गिरगटायचं नाही, पान फाडायचं नाही. सुरुवातीला पालक तक्रार करतात की वह्या घाणेरड्या दिसतात. मीही केली होती. बाई म्हणाल्या, "वही दिसायला नसते हो, बघायला असते."

ही सवय त्यांनी शाळेत आणली ती कारखान्यातून. शिक्षिका होण्याआधी त्या सात वर्षं एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होत्या. यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायच्या. अजूनही ब्लेडने पेन्सिलीला बोटभर लांब टोक काढतात. अक्षर एका मापाचं, छापल्यासारखं. आणि रोज सकाळी फळ्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आखून तारीख, विषय आणि आपली सही करतात. मोठ्या बहिणीबरोबर राहतात. बहिणीला ऐकू कमी येतं, म्हणून बाईंचा आवाज मोठा झालाय. त्या कानात सांगितल्यासारखं काही सांगतात तेव्हा शेजारच्या वर्गालाही कळतं.

माझ्या धाकटीला वजाबाकी जमत नव्हती. बावन्नातून अडतीस गेले की सव्वीस. एक्क्याऐंशीतून शेहेचाळीस गेले की पंचेचाळीस. थोरलीला हे कधी शिकवावंच लागलं नाही, त्यामुळे मला वाटायचं लक्ष नाही कार्टीचं. बाईंनी वही उघडून दाखवलं. "लक्ष नाही कसं? बघा, प्रत्येक वेळी तीच चूक आहे. मोठ्यातून लहान काढते, वरचा खालचा बघत नाही. दशक सुट्टा करायचा असतो हे तिला अजून पटलेलं नाही. ती चुकत नाहीये, वेगळ्याच नियमाने बरोबर करतेय. तो नियम तिचा तिलाच मोडू दे."

"किती दिवस लागतील?"

"ते तिला विचारा."

मला इतका धीर नव्हता. वर्षाच्या मध्यावर नव्या तुकडीची कुणकुण लागली. वेगळं लक्ष, वेगळी साधनं, असं परिपत्रकात होतं. पण माझा भाऊ दुसरीतून अशाच एका तुकडीत गेला होता. शाळेत तो आणखी सहा वर्षं होता, पण त्या खोलीतून तो काही बाहेर आला नाही. आजही कुठलाही फॉर्म भरायचा झाला की तो चष्मा घरी राहिला म्हणतो. त्याला चष्मा नाही.

म्हणून मी धाकटीची गणितं करायला लागले.

ती निजली की दप्तरातून वही काढायची, चुकलेला आकडा हलकेच खोडायचा, आणि तिच्या अक्षरात बरोबर उत्तर लिहायचं. घरात खोडरबर होताच, त्यावर बाईंचा कायदा चालत नव्हता. पुढे पुढे खोडणं दिसू नये म्हणून मी तिला दशक सुट्टा न करावा लागणारा अर्धाच अभ्यास करायला लावायची आणि उरलेला स्वतः लिहायची. तिचा तीन कसा पोट काढून बसतो, सात कसा मागे रेलतो, सगळं मला यायला लागलं. सगळंच बरोबर आलं तर संशय येईल म्हणून मध्ये मध्ये एक-एक चूक ठेवायची. सदतीसच्या जागी अडतीस. नवऱ्याने एकदा दारातून पाहिलं आणि म्हणाला, "अगं, तूच घाल ना नाव तिसरीत. फी तरी एकीचीच भरू." मी हसले. तोही हसून झोपायला गेला. वजाबाकी सुधारतेय असं बाईंनी सांगितलं तेव्हा त्याला वाटलं मी शिकवते आहे.

मग एके दिवशी धाकटी शाळेतून आली ती खेळायला गेली नाही. रात्री पांघरुणातून म्हणाली, "बाई मला मणी मोजायला लावतात. बालवाडीतल्यासारखे."

"का गं?"

"मी मोजताना एक चुकते म्हणे." मग म्हणाली, "मला मोजता येतं, आई."

मला त्याच क्षणी कळलं होतं ते मणी कुठून आले. माझ्या अडतीसमधून. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, बाई सांगतात तसं कर. असे दोन महिने गेले.

काल परिषद होती. तंत्रज्ञान, शिक्षण आणि रचना, असं दारावर मोठ्या अक्षरांत. शाळेने बाईंना पाठवलं, कारण आयोजकांना "एक अनुभवी शिक्षिका, दहा मिनिटं" हवी होती. पालकांमधून मी, कारण शनिवारी बाकी कुणाला वेळ नव्हता. गळ्यात पट्टी, पट्टीला कार्ड, कार्डावर नाव नाही, नुसतं "पालक". सभागृह इतकं थंड की बायका पदर आणि ओढण्या खांद्यांभोवती घट्ट घेऊन बसल्या होत्या. मुख्याध्यापक पहिल्या रांगेत होते.

बाईंच्या आधी एक तरुण आला. पांढरे बूट, बोलणं गोड. त्याने टॅब दाखवला. टॅबचं नाव "सोबती". मागच्या खोलीत येणार आहेत ते हेच. पडद्यावर एक मूल वजाबाकी करताना दिसत होतं. मुलाने चुकीचा आकडा लिहिला की तो आकडा पुसट होत होत नाहीसा व्हायचा आणि त्या जागी बरोबर आकडा उमटायचा, मुलाच्याच अक्षरात. "मुलाला अपयश जाणवतच नाही," तो तरुण म्हणाला. "चूक व्हायच्या आतच आपण तिथे असतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि वाजवता वाजवता थांबले. पडद्यावर तो आकडा ज्या तऱ्हेने विरघळत होता, ज्या तऱ्हेने नवा आकडा मुलाचं अक्षर घेऊन येत होता, ते मला पाठ होतं. दोन महिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी हेच करत होते. ज्या खोलीची मला भीती होती ती मी घरातच उघडून बसले होते.

मग बाई उठल्या. माईक त्यांना लागलाच नाही. त्यांनी ड्रॉइंग ऑफिसची गोष्ट सांगितली. नकाशात चूक झाली तर ती खोडायची नाही, असा तिथला नियम. तिच्यावर रेघ मारायची, तारीख घालायची, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं की काय बदललं आणि कधी. "आमच्याकडे एका मुलीने चुकीचं माप साहेबांनी बघायच्या आत खोडून नीट केलं. खाली कारखान्यात जुनी प्रत तशीच होती. दोन्ही कागद सारखेच स्वच्छ. भोकं चुकीच्या जागी पडली, अख्खा माल भंगारात. आणि नोकरी गेली ती भोकं पाडणाऱ्याची." "मुलाची चूक पुसली की मला दिसत नाही कुठे भोक पाडायचं. मग मी कुठेही पाडते."

आणि त्यांनी पडद्यावर एक पान लावलं.

नाव झाकलेलं होतं. तरी मी माझ्या धाकटीची वही शंभर वह्यांत ओळखेन. पाच वजाबाक्या. पाचही मी केलेल्या.

"ही मुलगी तीन महिने एकच चूक करत होती," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आनंदाने आणखी चढला होता. "मग बघा. इथे ती चूक थांबली. कुणी थांबवली नाही. आणि हे बघा, बहात्तरातून पस्तीस, लिहिलेत अडतीस. ही जुनी चूक नाही, नवी आहे. नियम बरोबर, मोजणी एकाने घसरली!" लोक हसले. "आणि तिसरं गणित बघा. दशकाच्या डोक्यावर तिने एक टिंब दिलंय. सुट्टा केला याची आठवण राहावी म्हणून. हे मी शिकवलेलं नाही. पुस्तकात नाही. हे तिने शोधलं. ही मुलगी वेगळ्या खोलीत का जावी, ते मला कुणी सांगावं." ते टिंब मला आठवत नव्हतं; वाटलं, माझीच पेन्सिल टेकली असेल.

मुख्याध्यापक उठून म्हणाले, "सोमवारी दहा वाजता हीच वही आणा. या गृहस्थांना वेळ आहे. तुम्ही वाचा, यंत्रही वाचेल. मग बारावं नाव ठरवू." पांढऱ्या बुटांचा तरुण हसून म्हणाला, "अक्षर, दाब, वेग, सगळं कळतं आमच्या सोबतीला." तो चांगुलपणाने बोलत होता.

मी गप्प राहिले असते. हे लिहिताना खोटं बोलत नाही. दाब कळतो म्हणाला म्हणून मी बोलले, की बाईंच्या चेहऱ्यामुळे, हे मला अजून ठरवता येत नाही.

बस थांब्यावर आम्ही दोघीच होतो. बाई खुशीत होत्या. "पाहिलंत का, टिंबाला कशा माना डोलावल्या सगळ्यांनी?"

"बाई, ते पान माझं आहे."

"तुमच्याच मुलीचं. नाव झाकलं होतं मी, घाबरू नका."

"नाही हो. माझं. मी लिहिलंय ते. ती निजल्यावर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग थांब्याच्या लोखंडी बाकावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली.

"किती दिवस?"

"दोन महिने. जरा जास्तच."

"चुकासुद्धा?"

"खऱ्या वाटाव्यात म्हणून ठेवल्या."

"वाटल्या," त्या म्हणाल्या. मग हळू म्हणाल्या, आणि त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हाच कळलं, "मणी. अहो, दोन महिने मी त्या पोरीला मणी मोजायला लावलेत."

मी रडायला लागले. त्यांनी समजूत घातली नाही.

"ती माप खोडणारी मुलगी मी होते," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "तेवीस वर्षांची. खोडलं, आणि कुणाला सांगितलं नाही. त्या माणसाला काढला. त्याला तीन मुली होत्या. मला रोज वाटायचं, उद्या सांगू. अजून सांगितलेलं नाही. आज इतक्या लोकांसमोर संधी होती, तर 'एक मुलगी' म्हणाले."

बस दिसायला लागली तशा त्या उठल्या, आणि परत वर्गातला आवाज आला. "घरी जा. जे जे गणित तुम्ही केलंय त्याच्यावर एक रेघ. खाली उद्याची तारीख. शेजारी लिहायचं, आईने लिहिले. खोडायचं नाही, पान फाडायचं नाही, नवी वही करायची नाही. सोमवारी ती वही तशीच टेबलावर."

"मग तिला मागच्या खोलीत पाठवतील."

"पाठवतीलही," बाई म्हणाल्या. बसमध्ये त्या पुढे बसल्या, मी मागे.

आज रविवार. दुपारी वही आणि निळी पेन्सिल घेऊन बसले, आणि पहिल्याच पानावर अडकले. मला कळेना, यातलं माझं कुठलं आणि तिचं कुठलं. तिचा सात मागे रेलतो तसा माझाही रेलत होता. काही पानं पक्की आठवत होती, काही नाही. मी इतकी चांगली शिकले होते की स्वतःलाच सापडत नव्हते. खिडकीपाशी धरून पाहिलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. शेवटी हाक मारली.

धाकटी आली. मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही. अर्धी वाक्यं नाकातच गेली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माहितीये."

"कधीपासून?"

"सकाळी माझ्या वहीत बरोबर असायचं ना."

मग ती माझ्या शेजारी खुर्चीवर गुडघे टेकून बसली आणि बोट ठेवत गेली. "हे तुझं. हे तुझं. हे माझं. हे तुझं." एकदाही अडली नाही.

"तुला कसं कळतं गं?"

"तू दाबून लिहितेस. मागच्या पानावर उमटतं." तिने पान उलटून माझं बोट त्यावर फिरवलं. खरंच, उठून आलं होतं. घाबरलेला माणूस केवढा जोर लावतो.

मी एकेक रेघ मारत गेले. तारीख, आईने लिहिले. तारीख, आईने लिहिले. ते पडद्यावरचं पान आलं. मी तिसऱ्या गणितावर पेन्सिल टेकवली तशी तिने हात धरला.

"गणित तुझं. टिंब माझं."

"म्हणजे?"

"शाळेत मधल्या सुट्टीत मी बघायची, तू कसं केलंस ते. सहाचा पाच कसा झाला ते शोधलं. मग टिंब दिलं, परत विसरायला नको."

मी पान जवळ घेतलं. टिंब फिकट होतं. मागच्या पानावर उमटलं नव्हतं. पानापानावर माझ्या गणितांवर ती टिंबं होती, आणि मी ती रोज बघत असूनही कधी पाहिली नव्हती.

"पण हे नाही कळलं," ती म्हणाली, आणि तिचं बोट बहात्तर उणे पस्तीसवर आलं. माझ्या अडतीसवर. त्या गणितावर टिंबंच टिंबं होती, दशकावर, एककावर, एक समासातसुद्धा. "मी खूप वेळ बघितलं, आई. अडतीस येतच नाहीत. सदतीस येतात. म्हटलं, तू केलंय म्हणजे बरोबरच असणार. मग वाटलं, बाई म्हणतात तेच खरं. मलाच मोजता येत नाही."

मी ते गणित तिच्यासमोर केलं, सदतीस आले, आणि माझ्या अडतीसवर रेघ मारून म्हटलं, "तुझं बरोबर होतं." ती म्हणाली, "मग मणी बंद?"

शेवटी रेघा मोजल्या. मी म्हटलं, "तीस."

"एकतीस."

"तीसच आहेत गं, मी आत्ता मोजल्या."

"परत मोज," ती म्हणाली, आणि शेवटचं पान उलटलं. मागच्या बाजूला एक होती. मग उडी मारून खाली उतरली आणि खेळायला गेली, जणू दुसऱ्या कुणाची वही होती.

संध्याकाळी बाईंना फोन केला. एकतीस, म्हटलं. टिंबांचं सांगितलं. पलीकडे बहिणीचा टीव्ही मोठ्याने चालू होता. बाई म्हणाल्या, "टिंबांवर रेघ मारली नाहीत ना?"

"नाही."

"आणि मी उद्या त्या माणसाचंही सांगणार आहे. पहिल्यांदा माझं, मग तुमचं. दहाला पाच कमी असताना या."

उद्या ते यंत्र वही वाचेल. दाब, वेग, अक्षर. एकतीस गणितं बाजूला काढली तर दशक सुट्टा करायची जी उरतात ती जवळजवळ सगळी जुनी चुकलेली. बावन्नातून अडतीस, सव्वीस. मुख्याध्यापक तेवढंच बघतील बहुधा. टिंबांना यंत्र काय म्हणेल मला माहीत नाही. धूळ समजेल, किंवा चुकून टेकलेली पेन्सिल. मी समासात लिहायला घेतलं होतं, की टिंबं मुलीने दिली. पेन्सिल टेकवली आणि थांबले. ते तिने सांगायला हवं, विचारलं तर. विचारलं नाही तर?

मघाशी सव्वीसवर नजर गेली तेव्हा बोटं आपोआप टेबलाच्या खणाकडे गेली होती. खोडरबर आता तिथे नाही. झोपण्याआधी धाकटीने तो स्वतःच दप्तरात टाकला, उद्या दाराशी डब्यात टाकायचा म्हणून.